देवांचा समन्वय, माणसांचे काय?

बेळगावच्या आमच्या जुन्या घरात पहाटे आई हरिपाठ म्हणे, तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या कानडी अज्जींच्या आवाजात पुरंदरदासांची पदे ऐकू येत. आईला कानडी बेताचेच. पण पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा आली, की ती भिंतीकडे पाहून हात जोडी. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हा ग्रंथ मी वाचला, तो या दोन आवाजांच्या सोबतीने.

१९८७ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाचा गाभा असा : विठ्ठल हा मुळात गोपजनांचा, गवळी-धनगरांचा देव. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जोडीत ती जुनी ओळख अजून टिकून आहे. पुढे त्याला विष्णू-कृष्णाचे रूप मिळाले, यादवांच्या काळात वैभव आले आणि संतांनी त्याला घरोघर नेले. ज्ञानदेवांनी त्याला 'कानडा' म्हटले. या शब्दाचे गूढ अर्थ लावण्यात आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली. ढेरे मात्र देवाचे कर्नाटकाशी असलेले नाते मोकळेपणाने मान्य करतात. शिलालेख, स्थलपुराण आणि धनगरांच्या ओव्या यांना ते एकाच पंगतीला बसवतात, ही या ग्रंथाची मोठी मिळकत.

माझी तक्रार आहे ती शीर्षकातील 'समन्वय' या शब्दाविषयी. आपण सीमाभागातले वाचक या शब्दाला फार लवकर भुलतो. दोघांचा देव एक, मग भांडण कसले, असे म्हणून ग्रंथ मिटून ठेवतो. पण १ नोव्हेंबरला याच गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. दोन्हीकडे विठ्ठलभक्त असतात!

ढेऱ्यांचाच पुरावा नीट वाचला, तर समन्वय म्हणजे सर्वांना सारखे स्थान, असे दिसत नाही. धनगरांचा देव वैदिक परंपरेत मानाने गेला, धनगर मात्र त्याच्या मागोमाग त्या मानाला पोहोचला नाही. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पायरीजवळच राहिली. दलितांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. म्हणजे संतांची वाणी घराघरांत पोहोचून शतके लोटली, तरी दार आपोआप उघडले नाही.

धर्म आणि संस्कृती माणसाला घडवतात हे खरेच. आईचे ते हात जोडणे कुणी शिकवलेले नव्हते, ते पिढ्यांनी आलेले होते. पण त्याच आईने आयुष्यभरात अज्जींच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही, आणि अज्जींनीही आमच्या. तेही पिढ्यांनीच आलेले. संस्कार जोडतो तसाच अडवतोही. त्यातला कोणता हात पुढे करायचा, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

ढेरे २०१६ मध्ये गेले. त्यांचा ग्रंथ आपल्या घरी असावा, आणि वाचून झाल्यावर त्यातला विठ्ठल कानडी शेजाऱ्याला आपल्या तोंडाने सांगावा. आमच्या आईने ते केले नाही. मीही फार उशिरा केले, आणि तेव्हा भिंतीपलीकडे अज्जी नव्हत्या.