‘द हंग्री टाइड’मधील नीलिमा

अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ ही इंग्रजी कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. सुंदरबनच्या खाड्या, वाघ, डॉल्फिन आणि निर्वासित माणसे यांना एका कथासूत्रात गुंफणारी कृती म्हणून तिचा यथोचित गौरव झाला. पर्यावरण आणि मानवी हक्क यांच्या परस्परविरोधाची चर्चा निघाली की तिचे नाव आज आपोआप पुढे येते. या गौरवात आम्ही सहभागी आहोत. परंतु हे नियतकालिक ज्यांच्या हाती पडते, त्यांच्यापैकी बहुतेकांचा दिवस परप्रांतातील कुठल्या ना कुठल्या सरकारी मेजावर जातो. अशा वाचकाच्या मनात ही कादंबरी एक निराळाच प्रश्न उभा करते, आणि त्याविषयी टीकाकारांनी फारसे लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही.

कथानक थोडक्यात असे : अमेरिकेत वाढलेली पिया ही संशोधक खाड्यांतील डॉल्फिनांचा अभ्यास करण्यासाठी सुंदरबनात येते. फोकीर नावाचा निरक्षर कोळी तिचा वाटाड्या होतो. दिल्लीत भाषांतराचा व्यवसाय करणारा कनाई आपल्या मृत काकांची वही वाचण्यासाठी लुसीबारी बेटावर आलेला असतो, आणि तोच पुढे या दोघांचा दुभाषा बनतो. या प्रदेशाला ‘भाटीर देश’ म्हणतात. भाटा म्हणजे ओहोटी. भरतीवरून नव्हे, ओहोटीवरून ज्याला नाव मिळाले असा हा मुलूख. कादंबरीचे दोन भागही ओहोटी आणि भरती याच नावांचे आहेत. परंतु कादंबरीचा खरा गाभा वर्तमानातील प्रवासात नसून त्या वहीत आहे. वही लिहिली गेली १९७९ च्या मे महिन्यात, मरीचझापी बेटावर.

मरीचझापीची हकीकत कल्पित नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांपैकी जे गरीब आणि प्रामुख्याने नमःशूद्र होते, त्यांना बंगालबाहेर धाडण्यात आले. केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प काढला आणि कोरापुट व बस्तर भागांतील खडकाळ जमिनीवर, जेथे नदी नाही, मासळी नाही, भाषा आपली नाही, तेथे या पाणथळ मुलखातील माणसांना वसवले. (आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही अशा बंगाली निर्वासितांची गावे आहेत, तेथे नोकरी केलेल्यांना ती ठाऊक असतील.) १९७७ साली पश्चिम बंगालात डाव्या आघाडीचे सरकार आले. निर्वासितांना बंगालातच वसवावे, अशी या पक्षांची विरोधात असतानाची मागणी होती. त्या आशेवर १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनाकडे निघाली आणि त्यांतील पुष्कळशी मरीचझापीवर पोहोचली. त्यांनी बांध घातले, शाळा काढली, होड्या बांधल्या. सरकारचे म्हणणे असे पडले की ही राखीव वनाची जमीन आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, अन्नपाणी तुटले, गोळीबार झाला. मे महिन्यात वस्ती उठवून झोपड्या जाळण्यात आल्या. किती माणसे दगावली याविषयी सरकारी आकडा आणि वाचलेल्यांची साक्ष यांत आजही जमीनअस्मानाचे अंतर आहे.

घोष यांनी हा प्रसंग निर्मल या निवृत्त मुख्याध्यापकाच्या नजरेने दाखवला आहे. निर्मल मार्क्सवादी, काव्यप्रेमी, जर्मन कवी रिल्के याच्या ओळी घोळवणारा. आयुष्यभर क्रांतीची स्वप्ने पाहिली आणि बेटावरच्या शाळेत मुलांना शिकवण्यापलीकडे हातून काही घडले नाही, ही त्याची खंत. मरीचझापीवर त्याला आपले स्वप्न दिसते, आणि तो त्यात उडी घेतो. बहुतेक वाचकांचे मन निर्मलकडे ओढ घेते. लेखकाचेही तिकडेच आहे, हे लपत नाही.

आम्हांस मात्र नीलिमा अधिक मोठी वाटते. नीलिमा ही निर्मलची पत्नी. लुसीबारीला आली तेव्हा तिच्या ध्यानात आले की नवरे मासेमारीसाठी वा जंगलात गेले की येथील बायका कुंकू पुसतात, पांढरे वस्त्र नेसतात. जणू वैधव्याची तालीम करतात. क्रांतीची वाट न पाहता तिने या विधवांची संस्था उभारली, तीतून ‘बादाबन ट्रस्ट’ आणि पुढे रुग्णालय निघाले. मरीचझापीवर औषधोपचाराची मदत धाडावी असे निर्मल तिला सांगतो, तेव्हा ती नकार देते. तिचे कारण साधे आहे. रुग्णालय सरकारच्या मर्जीवर चालते. सरकारचा रोष ओढवला तर ज्या हजारो लोकांना आज औषध मिळते तेही बंद पडेल. ती निष्ठुर नाही. बेटावरचे लोक उपाशी आहेत हे ती जाणते. तिने फक्त हिशेब केला आहे, आणि तो हिशेब चुकीचा आहे असे सिद्ध करणे सोपे नाही.

हा प्रसंग वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. टिपण्या लिहूनच आमचे पोट भरते. ‘प्रस्ताव विचाराधीन नाही’ असे वाक्य लिहिताना त्यामागे कोण माणूस उभा आहे हे दिसत नाही असे थोडेच असते? ते दिसते. पण दुसऱ्या कागदामागे दुसरी माणसे उभी असतात आणि दोघांनाही पुरेल इतका निधी नसतो. मराठीत वा इंग्रजीत सरकारी नोकराविषयी जे लिहिले जाते, त्यात त्याला एक तर लाचखाऊ किंवा यंत्रवत् दाखवतात. नीलिमा यांपैकी काहीच नाही. ती सरकारी नोकरही नाही. तरी नकार देणाऱ्या चांगल्या माणसाचे इतके खरे चित्र आम्ही क्वचितच वाचले आहे.

येथेच आमची तक्रार सुरू होते. नीलिमेला जो न्याय लेखकाने दिला, तो त्याने सरकारला दिला नाही. कादंबरीत सरकार येते ते गणवेशात : आरंभीचा वनरक्षक फोकीरकडून पैसे उकळतो, नंतरचे पोलीस होड्या बुडवतात. मरीचझापीचा वेढा कोणी आखला? नाकेबंदीचा मसुदा कोणत्या कचेरीत तयार झाला, त्यात ‘अतिक्रमण’ हा शब्द कोणी घातला, त्याखाली सही करणारा घरी जाऊन काय वाचत बसला? तोही बंगाली होता. तोही कदाचित रिल्के वाचत असेल. निर्मलच्या पिढीतले, निर्मलच्याच विचारांचे लोक तेव्हा सत्तेवर होते, ही या शोकांतिकेतील सर्वांत बोचरी गोष्ट. लेखक ती जाणतो, निर्मलच्या तोंडून तिचा उच्चारही करवतो; परंतु त्या माणसाला रंगमंचावर आणीत नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) येथे आठवते. धरणग्रस्तांची ती कहाणी प्रशासनात वावरलेल्या लेखकाने लिहिली असल्यामुळे पुनर्वसनाच्या कचेरीचा वास तिला आहे. कलेच्या दृष्टीने ती घोष यांच्या कादंबरीहून विस्कळित असेल. पण कागद माणसाला कसा गिळतो हे तेथे पानोपानी दिसते.

मरीचझापीवरील कुसुम निर्मलला विचारते, त्याचा आशय असा : जनावरांवर इतके प्रेम करणारी, त्यांच्यासाठी आम्हांला मारायला निघालेली ही माणसे आहेत तरी कोण? या प्रश्नाला कादंबरीत उत्तर आहे ते तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तेही दुहेरी. एका गावात गोठ्यात अडकलेल्या वाघाला लोक भोसकून जाळतात. पिया आकांत करते. फोकीर, कुसुमचाच मुलगा, जाळणाऱ्यांत असतो. पुढे कनाई तिला सुनावतो की येथे वाघ वारंवार माणसे खातो आणि जगाला त्याचे काही वाटत नाही, कारण मरणारे अतिदरिद्री आहेत. पियाचे उत्तरही पोकळ नाही : एकदा आपणच कोणी जगावे हे ठरवू लागलो की ती रेषा माणसांपाशी थांबणार नाही. लेखक येथे निवाडा देत नाही, आणि तेच योग्य आहे. वनसंवर्धनाच्या आणि आदिवासींच्या हक्कांच्या वादात ज्यांना कामानिमित्त पडावे लागते, त्यांनी ही दहा-वीस पाने अवश्य वाचावीत.

फोकीरविषयी आमचे मन तितके समाधानी नाही. तो बोलतो थोडे, गातो पुष्कळ, आणि अखेर वादळात पियाला झाडाशी बांधून तिच्यावर स्वतःच्या देहाची ढाल करून मरतो. गरिबाने सुशिक्षितासाठी मरावे हा संकेत आपल्या कथांत फार जुना आहे आणि येथे तो जसाच्या तसा आला आहे. वादळात पियाच्या साऱ्या नोंदी जातात. उरते ते स्थाननिर्देशक यंत्र, ज्यात फोकीरने दाखवलेल्या वाटा साठलेल्या असतात. त्या नोंदींवर पिया आपला पुढला प्रकल्प उभारते आणि त्याला फोकीरचे नाव देते. २००४ साली ही गोष्ट कृतज्ञतेची वाटली असेल. आज, यंत्रबुद्धीच्या पोटात कोट्यवधी अनाम माणसांचे ज्ञान न विचारता ओतले जात असताना, ती वाचताना थोडे अडखळायला होते. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका यंत्रात उतरली. तिच्यावर हक्क कोणाचा? नाव दिले म्हणजे देणे फिटले का? पियाला हा प्रश्न पडत नाही; मोयनाला, फोकीरच्या बायकोला, तो कोणी विचारीतही नाही.

शेवटच्या चक्रीवादळावर काहींनी नाटकीपणाचा आक्षेप घेतला. तो आम्हांस मान्य नाही. २५ मे २००९ रोजी ‘आयला’ आले, बांध फुटले, भातखाचरांत खारे पाणी शिरले. २० मे २०२० रोजी ‘अंफान’ आले. गंभीर कादंबरी असंभाव्य वाटणाऱ्या घटनांना दाराबाहेर ठेवते आणि त्यामुळे बदलत्या हवामानाला तिच्यात जागाच उरत नाही, असे घोष यांनीच पुढे ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात मांडले. त्यात अरबी समुद्रातील वादळ मुंबईवर आले तर काय होईल याचाही ऊहापोह आहे. आपल्या मुंबईविषयी ती पाने कोणा मराठी कादंबरीकाराने आधी लिहायला हवी होती.

निर्मलची वही अखेरीस कनाईच्या हातून निसटते आणि वादळाच्या पाण्यात जाते. ती आठवेल तशी पुन्हा लिहून काढण्याचे तो ठरवतो. बेटावर मदत धाडण्यास नीलिमेने का नकार दिला, हे त्या लिखाणात तिच्या शब्दांत येईल की निर्मलच्या, याचा कादंबरी उलगडा करीत नाही.