एका स्लॅशची करामत

मूळ / "सातारा" / "कऱ्हाड" / "वडगाव हवेली" / "उतारा.पीडीएफ"

'मूळ'मध्ये पाथ ठेवला, की पायथॉनमध्ये ही ओळ जशीच्या तशी चालते. श्रेय 'पाथलिब'चं. आंत्वान पित्रू यांची ही लायब्ररी २०१४ साली पायथॉन ३.४ बरोबर भाषेतच आली. त्याआधी फाइलचा पाथ म्हणजे नुसती अक्षरांची माळ. ती जोडायची 'ओएस.पाथ.जॉइन'च्या कंसांत. पित्रूंनी भागाकाराचं चिन्हच जोडणीला लावलं, आणि कोड वाचणं म्हणजेच पाथ वाचणं झालं. विंडोजवर हीच ओळ आपण होऊन उलटा स्लॅश घेते. लिहिणाऱ्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

पाकिटावरचा पत्ता गावातून तालुक्याकडे, तालुक्यातून जिल्ह्याकडे चढतो. ही ओळ जिल्ह्यातून गावात उतरते. परत वर जायचं तर 'पेरेंट' आहे. 'स्टेम' म्हटलं की 'उतारा' हाती येतो, 'सफिक्स' म्हटलं की '.पीडीएफ'. त्यासाठी अक्षरं मोजत, टिंबं शोधत बसायला नको.

मला भावतो तो या लायब्ररीचा संयम. पाथमध्ये दोन टिंबं आली, म्हणजे 'एक पायरी वर' असं सांगितलं, तरी ती मागचं नाव परस्पर खोडत नाही. ते नाव दुसऱ्याच फोल्डरकडे नेणारा दुवा असू शकतं; डिस्कला विचारल्याशिवाय ते कळणार कसं? विचारायचंच असेल तर 'रिझॉल्व्ह' आहे.

पण हाच काटेकोरपणा आपल्याकडे बोचतो. फाइलला हौसेने '७/१२.पीडीएफ' नाव द्या: पाथलिबच्या लेखी '७' हे फोल्डर आणि '१२.पीडीएफ' ही त्यातली फाइल. नाव स्लॅशनेच सुरू झालं तर डावीकडचा सातारा-कऱ्हाड सगळा गळून पडतो.

दुसरी अडचण 'कऱ्हाड'मधल्या 'ऱ'ची. युनिकोडमध्ये तो एक अख्खं अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र'ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पाथलिबला मात्र ती दोन वेगळी नावं. दोन्ही एका रूपात आणण्याचं काम 'युनिकोडडेटा' या शेजारच्या मॉड्यूलचं.

याला मी उणीव म्हणणार नाही. बऱ्याच सिस्टिमवर डिस्कवरची फाइल ज्या अक्षरांनी नोंदली आहे, त्याच अक्षरांनी सापडते. लायब्ररीने गुपचूप शुद्धलेखन सुधारलं असतं, तर तिथे समोर असलेली फाइलही उघडली नसती.