मांडवातल्या बाया आणि आमची समीक्षा

आदिवासी स्त्रियांच्या लग्नगीतांविषयी मराठीत लिहिले गेलेले नाही, असे म्हणता येणार नाही. लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतेक एकाच सुरात. निसर्गाची लेकरे, निरागस आनंद, ढोलाचा ताल, आणि शेवटी 'ही संस्कृती जपली पाहिजे' असे एक वाक्य. ज्या बाईच्या तोंडून हे गाणे येते ती काय म्हणते आहे, कुणाला म्हणते आहे आणि नेमक्या त्याच वेळी का म्हणते आहे, हा खरे तर समीक्षेचा पहिला प्रश्न. तोच विचारला जात नाही. संतांच्या एका शब्दावर प्रबंध लिहिणारी आमची समीक्षा मांडवातल्या बाईपाशी आली की कौतुक करते आणि पुढे निघून जाते. असल्या कौतुकाची किंमत काय असते, हे दलित साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

मी या जंगलपट्ट्यात मराठी शिकवतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. परंतु सोयरिकीला जिल्ह्याची हद्द नसते. राजुरा, कोरपना, जिवती या बाजूला राजगोंड, कोलाम आणि परधान, एटापल्ली, भामरागडकडे माडिया, आरमोरी-वडशाकडे झाडीबोली बोलणारी गावे, सिरोंच्याकडे तेलुगू. एवढ्या बोलींतली गाणी आम्ही 'आदिवासी लग्नगीते' या एकाच मथळ्याखाली शिकवतो, हीच पहिली गफलत.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका गोंड विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून आपल्या आजीची लग्नातली गाणी वहीत उतरवून आणली. एका पानावर गोंडी, समोर मराठी. वही नीटनेटकी होती आणि मी तिला चांगले गुण दिले. पुढे तिच्या घरी जाण्याचा योग आला आणि वही उघडून आजीसमोर बसलो, तेव्हा कळले की मी गुण कशाला दिले होते. त्या वहीत चार चुका होत्या. त्या मुलीच्या नव्हत्या. आम्ही शिकवलेल्या लोकसाहित्याच्या होत्या. या लेखात त्या चार चुकांविषयीच लिहायचे आहे.

१

पहिली चूक 'सगा' या शब्दाची. मुलीने भाषांतर केले होते 'सगा भाऊ'. प्रमाण मराठीत सगा म्हणजे रक्ताचा, आपला. गोंडांच्या समाजरचनेत मात्र 'सगा' हा देवांच्या संख्येवर उभा असलेला गट आहे: चार देवांचा, पाच देवांचा, सहा देवांचा, सात देवांचा. एका सगातील मुलामुलींचे आपसात लग्न होत नाही. मुलगी द्यायची ती दुसऱ्या सगात. म्हणजे ज्या ओळीत बाया समोरच्या पक्षाला उद्देशून, 'तुम्ही वेगळे आहात म्हणूनच ही मुलगी तुम्हाला देता येते' असे बजावत होत्या, तिथे मराठीत भावाची माया आली. वाद घालणारी ओळ भावुक झाली.

हे एका शब्दापुरते नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारांची संख्या सुमारे तीस लाख होती. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने बोडो आणि संथाळी या भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी आली नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी शाळा सुरू करावी लागली. आमच्या विद्यार्थिनीची सगळी शाळा मराठीत झाली. आजीची भाषा तिला बोलता येते. पण आजीच्या भाषेत विचार करून लिहायला तिला कोणी शिकवले नाही. मग ती शब्दकोशात सापडणारा अर्थ लिहील, नाही तर काय करील?

२

दुसरी चूक दारूची. मांडव उभा राहतो, मोहाचा खांब रोवला जातो, पूर्वजांना आणि पेनांना बोलावणे होते आणि त्यांच्या नावाने मोहाची दारू जमिनीवर सांडली जाते. गाण्यात तिचा उल्लेख सरळ येतो. वहीत तिथे 'पवित्र जल' असे होते. मुलीला विचारले, तर ती खाली मान घालून म्हणाली, "सर, कॉलेजात दारू कसी लिवू?" तिचा संकोच मला समजतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्या लढ्यात बाया पुढे होत्या. दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत; बंदी मागणाऱ्या बाईशी माझे भांडण नाही. परंतु जीवनातील प्रश्न जीवनात सोडवायचा असतो; गाण्यातला शब्द पुसून तो सुटत नाही. आजीला मी मराठी ओळ वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "का जी मास्तर, पान्यानं कधी पेन जागते का?"

आदिवासी मुलांनी शाळेच्या संमेलनात सादर केलेली अशी शुद्ध केलेली गाणी मी अनेकदा ऐकली आहेत. शिव्या काढून टाकलेल्या, दारू काढून टाकलेली, देवाच्या जागी दुसराच देव बसवलेला. आमच्या आयाबहिणींच्या भाषेला 'अश्लील' म्हणून मराठी साहित्याच्या दाराबाहेर ठेवले, तेव्हा आम्ही संतापलो होतो. तोच न्याय इथे का लावू नये?

३

तिसरी चूक क्रमाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलीने गाणी आमच्या पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने लावली होती: हळद, मांडव, लग्न आणि शेवटी पाठवणी. आजी म्हणाली, निरोपाचे गाणे आधी. कारण राजगोंडांच्या जुन्या रीतीत लग्न मुलाच्या घरी लागते. मुलीला तिकडे नेतात. मुलगी घर सोडते तेव्हा लग्न व्हायचे असते. निरोपाचे गाणे घेऊनच ती मंडळी मुलाच्या गावात शिरतात आणि मग तिथे दोन्हीकडच्या बायांचा सामना सुरू होतो.

क्रम बदलला की अर्थ बदलतो. आमच्या 'पाठवणी'त सगळे ठरून गेलेले असते. बाईच्या हाती रडण्याखेरीज काही उरत नाही. इथे निरोप ही सुरुवात आहे. मुलीकडच्या बाया दुसऱ्याच्या गावात उभ्या राहून बोलतात. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. समोरच्या बाया उत्तर देतात. नवऱ्या मुलाचे नाक, त्याच्या मामाचा कंजूषपणा, जेवणातले पातळ वरण, कबूल करून न आणलेले लुगडे, सगळे गाण्यात येते आणि जागच्या जागी रचले जाते. अभ्यासक लिहितात की या गाण्यांत तीच ती ओळ पुन्हा पुन्हा येते, रचना प्राथमिक आहे. मांडवात एक रात्र बसले तर पुनरावृत्तीचे कारण कळते. ओळ घोळवली जात असते तेवढ्या वेळात पुढची बाई आपले उत्तर जुळवीत असते, आणि बदललेला एकच शब्द समोरच्याला बरोबर लागतो. सभेत ज्याला आपण वादविवाद म्हणतो, तो हाच. फरक इतकाच की इथे बोलणाऱ्या सगळ्या बाया आहेत आणि ऐकायला गावपंचायतीचे पुरुष बसले आहेत.

या वादाचा विषय काय? वरवर थट्टा, मुळात देज. मुलगी गेली म्हणजे घरातले राबते हात गेले. त्याची भरपाई मुलाकडच्यांनी द्यायची, ही रीत. ज्याच्याजवळ देज नाही त्याने सासऱ्याच्या घरी राबून ती फेडायची, असाही मार्ग आहे. पांढरपेशा सुधारकांनी याला 'मुली विकणे' म्हटले. ज्यांच्या घरी मुलीच्या बापाला हुंड्यासाठी शेत विकावे लागते आणि १९६१ चा हुंडाबंदी कायदा होऊनही ज्यांचा हुंडा थांबला नाही, त्यांनी हे म्हणावे, हा विनोद आहे. देजेच्या रीतीत बाईच्या श्रमाला निदान किंमत आहे. विधवेला पुन्हा घर मांडता येते, काडीमोड होऊ शकतो.

परंतु इथेच थांबलो तर मीही कौतुकच केले असे होईल. देज बापाच्या हाती जाते, मुलीच्या नाही. नवऱ्याचे घर सोडायचे तर देज परत करण्याचा प्रश्न येतो आणि बापाजवळ ती नसेल तर मुलीची वाट अडते. जमीन तर तिच्या नावाने नाहीच. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि रूढीने जमीन मुलांकडे जाते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडातील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, स्त्रीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही असा निकाल दिला. आजीच्या निरोपाच्या गाण्यात मुलगी विहिरीचा, कोठाराचा, गोठ्याचा आणि धानाच्या बांधीचा निरोप घेते. वहीच्या समासात मी त्यावर 'निसर्गप्रेम' असे लिहिले होते. ज्या बांधीत तिने रोवणी केली ती बांधी भावाची होणार आहे, हे ती मोजून सांगते आहे, असे मला तेव्हा दिसले नाही. आज मला तो शेरा खोडावासा वाटतो.

४

चौथी चूक नावाची. वहीच्या शेवटी लिहिले होते: 'पारंपरिक. कवी अज्ञात.' कवी दाराशी बसून तेंदूपाने मोजत होती!

गोंडांच्या तोंडी वाङ्मयाची लेखी नोंद तशी जुनी आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळवलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. किंगरीवर वंशकथा गाणारे परधान हे पुरुष गायक अभ्यासकांच्या नजरेत लवकर भरले. मांडवातल्या बाया गलका म्हणून सुटल्या. मराठीत सानेगुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांपर्यंत स्त्रीगीते गोळा झाली. ते ऋण मोठे आहे. पण 'लोक' म्हणताना व्यक्ती हरवली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा ओवीबरोबर बाईचे नाव आणि गाव नोंदले. तेवढ्याने ओवी म्हणजे एका बाईचे म्हणणे झाले. गोंडी, माडिया, कोलामी गाण्यांना हा मान अजून मिळायचा आहे. उलट क्रांतीची पथके आणि शासनाची कलापथके, दोघांनीही 'रेला'च्या चाली उचलल्या आणि आपापला मजकूर त्यात भरला. ज्या बायांची चाल, त्यांना कोणी विचारले?

५

आता आमच्या घराविषयी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत माझी आजी होती. ती लग्नात गाणारी बाई. दीक्षेनंतर तिने देवादिकांची नावे असलेली गाणी सोडली. कोणी सोडायला लावली नाहीत. तिने स्वतः सोडली. त्याच चालींवर तिने बाबासाहेबांची गाणी बांधली आणि आमच्या मांडवात ती म्हटली. मी कॉलेजात गेलो तेव्हा मला त्या गाण्यांचीही लाज वाटली. मित्रांसमोर ती गाऊ लागली की मी उठून बाहेर जाई. घरातला पहिला पदवीधर! आजी गेली, तेव्हा तिच्या गाण्यांपैकी माझ्याजवळ एकही लिहिलेले नव्हते. दुसऱ्याच्या आजीची वही तपासायला मी बसलो, तो हे ओझे घेऊन.

म्हणून 'परंपरा जपा' असे मी कोणाही आदिवासी मुलीला सांगणार नाही. माझ्या आजीने परंपरा सोडली, आणि ती तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कृती होती. परंतु सोडणे आणि हिरावले जाणे यांत फरक आहे. आजीने काय सोडायचे आणि काय ठेवायचे हे ठरवले; देव सोडला, चाल ठेवली. आज गोंडांच्या मांडवात डीजे येतो, सामूहिक विवाहाच्या मंचावर ध्वनिक्षेपकातून मंगलाष्टके येतात, देजेच्या जागी हळूहळू हुंडा येतो, आणि बाया गप्प बसतात. हे त्यांनी ठरवलेले नाही. ज्या जागी बाई सासरच्या मंडळींना चार लोकांत जाब विचारू शकत होती, ती जागा जाते आहे. गाणे गेले तर निदान वहीत सापडेल; ती बोलण्याची जागा वहीत सापडणार नाही.

दलित समीक्षेने 'आम्ही कुठे आहोत?' हा प्रश्न मराठी साहित्याला विचारला. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम यांनी तो आपल्या शब्दांत पुढे नेला. आता मांडवातली बाई तोच प्रश्न आम्हाला विचारते आहे. तिचे गाणे आमच्या विद्रोहाचा पुरावा म्हणून वापरायचे, की ती काय म्हणते ते ऐकायचे?

शिक्षक म्हणून मला जेवढे करता येईल तेवढे मी सुरू केले आहे. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वर्गात गोंडी, माडिया, कोलामी, झाडीबोली बोलणारी मुले बसतात. गाणे आधी मूळ बोलीत लिहायचे, मराठी नंतर. शब्द बदलायचा नाही. कोणत्या वेळी, कोणासमोर, कोणाला उत्तर म्हणून म्हटले ते लिहायचे. गाणारीने परवानगी दिली तर तिचे नाव आणि गाव. नको म्हणाली तर तसेही लिहायचे. आणि भाषांतर तिला वाचून दाखवल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत.

त्या मुलीने वही नव्याने लिहून काढली. मुखपृष्ठावर 'संकलन' या शब्दापुढे तिचे नाव आहे आणि त्याच्या वर, 'रचना' या शब्दापुढे, आजीचे. आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिने वही हातात घेतली, उलटी धरली आणि विचारले, यात माझ्या शिव्या आहेत ना?

आहेत, असे मी सांगितले.