बॉनेटमधले लेण्याद्री

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, हिवाळ्यातल्या सकाळी अकराच्या उन्हात, मित्राची काळी गाडी डोंगराकडे तोंड करून उभी होती. ड्रायव्हरच्या दाराशी थांबून सहज पुढे नजर टाकली आणि पाय तिथेच थबकले. बॉनेटमध्ये डोंगर उलटा उतरला होता. कातळाचा पट्टा, त्यातली लेण्यांची काळी तोंडे, सात नंबरच्या लेण्याच्या, म्हणजे गिरिजात्मजाच्या, ओसरीचे खांब आणि त्या खांबांमधला अंधार. वर जायला तीनेकशे पायऱ्या चढाव्या लागतात. मी त्या आधी बॉनेटमध्ये उतरून आलो.

गाडी आठ वर्षांची. आठवड्यापूर्वी ती तीन दिवस नारायणगावाजवळच्या एका शेडमध्ये होती, पेंट करेक्शनसाठी. आपल्याकडे या कामाला सरसकट 'रबिंग-पॉलिश' म्हणून मोकळे होतात. गाणे आणि रेडिओ यांना एकच शब्द वापरावा, तसे ते आहे.

आधी पाहायचे कुठे, ते सांगतो. चमक पाहू नका. चमक कुणीही आणतो; तेलकट पॉलिश फासले की बादलीसुद्धा चमकते. पाहायची ती प्रतिबिंबाची कड. कातळ संपून आकाश सुरू होते ती रेघ बॉनेटमध्ये नीट उमटते की धुरकट होते? इथे ती सुरीने कापल्यासारखी होती. मात्र डोळा जरा जवळ नेला की तीच रेघ किंचित थरथरते, दारावर तर अधिक. हा दोष नव्हे. कारखान्यातून येणाऱ्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असतो आणि उभ्या पत्र्यावर तो ठळक असतो. बारीक पॉलिश पेपरने घासून तो सपाट करता येतो, गाडी आरशासारखी होते, पाहणारे थक्क होतात. या कारागिराने तो मोह टाळला. गाडीचा मूळ पोत त्याने गाडीकडेच राहू दिला.

आता सूर्याकडे, म्हणजे बॉनेटमधल्या सूर्याकडे, पाहू. कुठल्याही काळ्या गाडीवर उन्हात सूर्याच्या बिंबाभोवती कोळ्याचे जाळे दिसते. आपल्याला वाटते, कुणी गोल गोल पुसल्यामुळे ओरखडे गोल पडलेत. ओरखडे वाट्टेल त्या दिशेने पडलेले असतात. पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चकाकतात, आणि म्हणून बिंबाभोवती वर्तुळ भासते. चार पावले बाजूला सरका, जाळे तुमच्याबरोबर सरकते. हे विणणारा आपल्या ओळखीचा आहे: डिकीतला पिवळा फडका. जुन्नरची तांबूस धूळ पाण्याविना पुसायची, तीही रोज, प्रेमाने. या बॉनेटवर मी डावीकडून उजवीकडे चाललो. सूर्य माझ्याबरोबर चालला, एकटा. भोवती एक धागा नाही.

जाळे जाते म्हणजे काय होते? ओरखडा भरत नाही. भोवतालचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीसच्या आसपास, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून थोडा जास्त. एका करेक्शनमध्ये त्यातले दोन ते पाच मायक्रॉन जातात आणि परत येत नाहीत. म्हणून चांगला कारागीर मशीनला हात लावण्याआधी जाडी मोजायचे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवत गाडीभर फिरतो. मित्राने त्याचा फोटो दाखवला: बॉनेटवर कागदी टेपचे तुकडे आणि प्रत्येकावर पेनने आकडा. ११२, ११५, १०९. वैद्याने नाडी पाहावी तसे.

बाकीची तयारी भराभर सांगण्यासारखी. धुणे, माळशेज उतरताना ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी रसायनाने जांभळी होऊन ओघळते, ती काढणे, मग क्लेची वडी फिरवून पृष्ठभाग काचेसारखा करणे. खरा निवाडा होतो तो वीतभर जागेवर. सर्वांत मऊ फोम, सर्वांत सौम्य पॉलिश, आणि त्याने भागले नाही तरच पुढची पायरी. लगेच स्पिरिटने पुसून पाहायचे, कारण पॉलिशमधले तेल ओरखड्यात बसून खोटी साक्ष देते. नुसत्या गरगर फिरणाऱ्या जुन्या मशीनने काम लवकर होते, पण ते उन्हात धुरकट पट्टे ठेवून जाते. यांना होलोग्राम म्हणतात. फिरता फिरता डुलणारे मशीन हळू आहे, ते असा माग सोडत नाही. बॉनेट मी मावळतीकडून पाहिले, खाली वाकून पाहिले. पट्टा नाही.

पण मला भावली ती एक न दिसणारी गोष्ट. मागच्या नावाच्या अक्षरांच्या कोपऱ्यांत, दाराच्या रबरावर, वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी भुकटी कुठेच नव्हती. घाईचे काम इथेच चाडी खाते.

मग आम्ही वर गेलो. सहा नंबरच्या चैत्यगृहात ब्राह्मी लेख आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे दान दिले. हेरणिक म्हणजे सोन्याशी संबंध असलेला, सोनार किंवा खजिनदार. कातळ छतापासून खाली कोरत आणत. जास्त निघालेली कपची पुन्हा चिकटवायची सोय नव्हती. सोनाराच्या घरातल्या माणसाला हा हिशेब कळला असणार, असे मला उगाच वाटले.

खाली आलो तेव्हा ऊन कलले होते आणि बॉनेटच्या उजव्या कडेला एक चरा दिसला. बोटभर लांब. मी मित्राकडे पाहिले, तो हसला. नव्या गाडीच्या पूजेत हाराच्या तारेने ओढलेला. शेडवाल्याने तो का ठेवला? तिथे पूर्वी कुणीतरी मशीन दाबून चालवले होते. टेपवर आकडा होता ७८. आणखी घासले असते तर चरा गेला असता आणि त्याच्याबरोबर क्लिअर कोटही. त्याने फक्त चऱ्याच्या कडा गोल केल्या, उजेड अडखळू नये एवढ्या. मी एक पाऊल मागे आलो. चरा दिसेनासा झाला. पुन्हा पुढे झालो तर होता: उलट्या डोंगरावर, पायऱ्यांच्या कठड्याला जवळजवळ समांतर.