अनपेक्षित कोणास?

नाटक पाहून आलेला मनुष्य नटाच्या आवाजाविषयी, प्रवेशांच्या बांधणीविषयी, फार काय पडद्याच्या रंगाविषयीसुद्धा दोन शब्द बोलतो. कुस्ती पाहून आलेला मनुष्य मात्र कोण पडला एवढेच सांगतो. वृत्तपत्रांचीही हीच रीत. नाटकाचे परीक्षण छापले जाते, कुस्तीचा निकाल छापला जातो. त्यातून निकाल अपेक्षेविरुद्ध लागला तर विचारावयासच नको. ‘चमत्कार’ हा एक शब्द लिहिला की वार्ताहर लेखणी खाली ठेवावयास मोकळा होतो. या शब्दाशी आमचे भांडण आहे, आणि ते भांडण आम्हांस जोयड्यास सुचले.

काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपे गेले आणि जोयडा हेच तालुक्याचे ठाणे होऊन बसले, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. तेथे एका स्नेह्याच्या घरी पावसाळ्यात आमचा मुक्काम होता. बाहेर धार लागलेली. घरातील मुलगा पडवीच्या कोपऱ्यात, जेथे रेंज मिळते तेथे, मोबाइल धरून बसला होता. पडद्यावर दोन आकृती एकमेकींवर तुटून पडत होत्या. खेळ ‘टेक्कन’ नावाचा, स्पर्धा जपानमधील फुकुओका येथील, साल २०१९. मुलगा आम्हांस मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘‘काका, हा लाहोरचा खेळाडू. कोणालाही ठाऊक नव्हता, आणि सगळ्यांना पाडले!’’ तेव्हा आराम-खुर्चीतून त्याचे आजोबा, ज्यांनी तरुणपणी हल्याळच्या मातीत काही कुस्त्या केल्या आहेत, म्हणाले, ‘‘कोणालाही म्हणजे कोणाला रे? त्याच्या वस्तादाला ठाऊक असेलच की.’’

हा प्रश्न आम्हांस समीक्षेचा प्रश्न वाटतो.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘एव्हो’ ही अशा द्वंद्व-खेळांची जगातील सर्वांत मानाची स्पर्धा. तिला निमंत्रण लागत नाही. शुल्क भरील तो उतरू शकतो, म्हणून जगज्जेता आणि कालचा नवशिका एकाच पटावर येतात. एकदा हरलेला बाद होत नाही. तो पराभूतांच्या पटात जातो आणि तेथे दुसऱ्यांदा हरला तरच घरी परततो. खेळातील हालचाल सेकंदाला साठ चित्रांनी मोजली जाते. टेक्कनमधील सर्वांत चपळ ठोसा दहाव्या चित्रावर लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. आणि एखादा मोठा डाव प्रतिस्पर्ध्याने अडविला तर मारणारा क्षणभर उघडा पडतो. तेवढ्या क्षणात प्रतिडाव बसतो. आखाड्यातील मंडळींस यात नवे काय दिसावे? ज्याने घाईने पट काढला त्याची मान सापडते, हा न्याय मातीतही तोच आहे.

फुकुओकास जिंकलेला अर्सलान सिद्दीक, खेळातील नाव अर्सलान ॲश, हा व्हिसाच्या आणि विमानांच्या अडचणी सोसून तेथे कसाबसा पोचला होता. अंतिम लढतीत त्याने फिलिपाइन्सच्या ‘एके’ या तरुण खेळाडूस हरविले. जपान आणि दक्षिण कोरिया या दोन देशांबाहेर या खेळात खरी विद्या नाही, अशी तोवर बहुतेकांची समजूत होती. तिला तडा गेला आणि सर्वत्र चमत्काराची आरोळी उठली. मात्र अर्सलानने विजयानंतर सांगितले की आपल्या तोडीचे खेळाडू पाकिस्तानात आणखीही आहेत. पुष्कळांस हा विनय वाटला. विनय नव्हता, ती माहिती होती. कोरियाचा ‘नी’, ज्याला या खेळातील महापंडित म्हणावे असा खेळाडू, त्याच वर्षी स्वतः पाकिस्तानात जाऊन तेथील खेळाडूंशी खेळला आणि त्यांच्याकडून अनेकदा हरला. आमच्या दृष्टीने २०१९ सालातील सर्वांत मोठी घटना हीच. जगातील पहिल्या प्रतीचा मल्ल दुसऱ्याच्या तालमीत उतरतो आणि तेथे पाठीला माती लावून घेतो, यात जी शालीनता आहे तिच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील एव्होच्या अंतिम लढतीत हेच दोघे समोरासमोर आले आणि अर्सलान पुन्हा जिंकला. २०२३ साली त्याने जपान व लास व्हेगास ही दोन्ही ठिकाणे पुन्हा जिंकली, २०२४ साली लास व्हेगास आणखी एकदा. त्याच्याच देशाचा आतिफ बट हा २०२३ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅम येथे टेक्कनच्या जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा जिंकून गेला. आणि तोही अखेरच्या संधीच्या पात्रता-फेरीतून, म्हणजे मागल्या दारातून आत आलेला. एकच गोष्ट इतक्या वेळा घडली म्हणजे तिला चमत्कार म्हणणाऱ्याने निदान आपला शब्दकोश तरी तपासावा.

अर्सलानच्या खेळाची चव मात्र निकालातून कळत नाही. फुकुओका आणि लास व्हेगास येथील त्याच्या लढती आम्ही त्या मुलाच्या मोबाइलवर पुनःपुन्हा पाहिल्या. प्रथम त्या आम्हांस नीरस वाटल्या, हे कबूल करतो. मोठे डाव थोडे. बहुतेक वेळ तो मागेपुढे सरकत असतो, प्रतिस्पर्ध्याचा ठोसा बोटभर अंतराने हवेत जाईल अशा बेताने उभा राहतो, आणि तो हवेत गेला की तेवढ्यात आपला घाव घालतो. ‘काझुमी’ नावाचे जे पात्र तो त्या वर्षी खेळे तेही लहान लहान टोच्यांचे, एका घावात सामना उलटविणाऱ्यांचे नव्हे. आजोबांनी चष्मा लावून थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘खडाखडी चांगली आहे.’’ आम्ही लिहिलेल्या या सर्व परिच्छेदापेक्षा हे तीन शब्द अधिक नेमके आहेत. ज्याला खडाखडीतले सौंदर्य दिसत नाही त्याला शेवटचा डाव आकाशातून पडल्यासारखा वाटणारच.

अशा खेळांच्या प्रेक्षकांनी आरोळीलाच निकाल मानावे, याची एक गंमत आहे. २००४ साली कॅलिफोर्नियात जपानच्या दाइगो उमेहारा याने, आपली प्राणशक्ती थेंबभर उरली असता, अमेरिकेच्या जस्टिन वाँगचे पंधरा सलग आघात एकेक करून परतविले आणि ती लढत जिंकली. या खेळांतील हा सर्वांत प्रसिद्ध क्षण होय. त्याच्या चित्रफिती आजही पाहिल्या जातात. मात्र दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. ती जिंकली केंजी ओबाता याने, दाइगोलाच अंतिम लढतीत हरवून. ओबाताचे नाव आज किती जणांस आठवते?

लाहोर हे नाव ऐकून आमच्या पिढीस व्हिडिओ गेम आठवत नाही, गामा आठवतो. १९१० साली गामा लंडनला गेला तेव्हा त्यालाही प्रथम कोणी जमेस धरले नव्हते. पुढे झिबिस्को त्याच्यापुढे अडीच तासांवर मातीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळास त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटाच्या आत चीत केले. लंडनकरांस जो अकस्मात आला असे वाटले, तो पंजाबच्या आखाड्यांत कित्येक वर्षे माती उकरीत होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना ते ठाऊक होते. पंजाबचे मल्ल त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहत आणि खासबाग मैदान त्याच आस्थेतून उभे राहिले.

आणि कोल्हापूरचे नाव निघाले म्हणजे हेलसिंकी आलेच. १९५२ साली खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्याकडे ही कथा सांगताना गोळेश्वरचे खेडे, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी गहाण टाकलेले घर आणि कऱ्हाडची बैलगाड्यांची मिरवणूक यांचे वर्णन होते. हे सर्व खरे आहे आणि हृद्यही आहे. परंतु या वर्णनात कुस्ती कोठे आहे? चार वर्षे आधी लंडनला हाच मल्ल फ्लायवेट गटात सहावा आला होता, आणि तोही जन्मभर मातीत खेळून प्रथमच गादीवर उभा राहून. हे ज्याने वाचले असेल त्याला १९५२ चे पदक अकस्मात वाटणार नाही. पुढचे पाऊल वाटेल. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांस त्यांनी हरविले. जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा राशिद मामेदबेकोव यांच्याशी ते हरले. त्या काळी ऑलिंपिक कुस्तीतही एका पराभवाने मल्ल बाद होत नसे. दोषगुण साठत जात आणि मर्यादा गाठली की पट संपे. इशिईशी दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना मामेदबेकोवसमोर उभे राहावे लागले, आणि नियमावर बोट ठेवावयास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. मिरवणुकीच्या वर्णनाला चार पाने देणाऱ्या आमच्या लेखकांनी या अर्ध्या तासाला एखादे पान तरी द्यावयास हवे होते. सुवर्ण नेणारा इशिई मूळचा जुदोचा. महायुद्धानंतर जुदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण त्याचे ठरले. त्याचीही मुळे अशीच जमिनीखाली होती.

यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. चव्वेचाळीस वर्षे! चमत्कार म्हणून ज्याचा गौरव केला त्याची तालीम कोणी पाहिलीच नाही. मग ती चालवावी कोणी? खाशाबा १९८४ साली अपघातात वारले. पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ‘स्पेशल एरिया गेम्स’ या योजनेखाली उत्तर कन्नडातील सिद्दी मुलामुलींस निवडून शिक्षणाला नेले. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, सबब धावण्याची विद्या त्यांच्या रक्तातच असणार, असा या निवडीमागचा हिशेब होता. मुले कष्टाळू होती. त्यांतील काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकेही मिळविली. १९९३ साली योजना बंद झाली आणि बहुतेक मुले रानातल्या वस्त्यांवर परतली. रक्ताकडून पदकाची अपेक्षा ठेवणे आणि निकालाला चमत्कार म्हणणे, या दोन्हींमागे एकच आळस आहे. दोन्हींत मधली दहा-पंधरा वर्षे कोणाला नको असतात: रोजची माती, रोजचे खाणे, रोज पाडणारा जोडीदार. हल्याळच्या कुस्तीला ही मधली वर्षे मिळाली, म्हणून तेथून मल्ल निघत राहिले. लाहोरच्या गल्ल्यांतील खेळगृहांत, नाणे टाकून खेळणाऱ्या आणि हरला की पुन्हा रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांना ती मिळाली. खेळाचा दर्जा हलका की भारी, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोरियाच्या चव्वेचाळीस वर्षांच्या किम ग्वान-वू याने ‘स्ट्रीट फायटर’ खेळून सुवर्णपदक घेतले, तेव्हा त्या वादातली हवा पुष्कळशी निघून गेली आहे. आपले दोन खेळाडूही तेथे होते. ते पदकापर्यंत पोचले नाहीत. कोण, कोठे, कोणाशी खेळून तयार झाले, हे त्यांच्याविषयीही आम्ही कोठे सविस्तर वाचले नाही.

त्या संध्याकाळी आजोबांनी नातवास सांगितले, ‘‘शेवटची कुस्ती पुरे झाली. पहिल्या दिवसाची दाखव बघू.’’ मुलाने पुष्कळ शोधले. पहिल्या फेऱ्यांच्या सगळ्याच लढती कोणी चित्रित करीत नाही, असे त्याने आजोबांस समजावून सांगितले. तेवढ्यात वीज गेली, आणि रेंजही गेली.