शिकारकथेतला जमाखर्च

शिकारकथा वाचणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गाला झुडपामागचा वाघ दिसतो. दुसऱ्या वर्गाला प्रश्न पडतो, की या गृहस्थाला इतकी रजा कोण देतं आणि ही रायफल त्यानं घेतली कितीला? बी. कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे केस पांढरे केलेला माणूस दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याला इलाज नाही.

शिकारी वाङ्मयावर माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. रायफलीचा बोअर ही मंडळी दशांश चिन्हासकट छापतात. नळीची लांबी, लाकडाचा रंग, बनवणाऱ्या विलायती पेढीचं नाव, सगळं देतात. किंमत तेवढी देत नाहीत. पहिली बंदूक घ्यायची, आणि तीही खिशाला परवडेल अशी, तर काय पाहावं, हे सांगणारं पान माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता प्रत्यक्ष जिम कॉर्बेटचंच घ्या. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे १९४४ चं पुस्तक. लेखक मुळात रेल्वेच्या नोकरीतला, म्हणजे आपल्यातलाच. चंपावतच्या वाघिणीनं ४३६ माणसं मारली होती असं तो सांगतो. १९०७ साली हा तिच्या मागे गेला तो तीन काडतुसं खिशात घालून! ती संपली, वाघीण जिवंत. मग गडी पळत गेला तहसीलदारांकडे आणि त्यांची बंदूक उसनी घेतली. नेम धरताना पाहतो तर नळी आणि मागचा भाग यांत चांगली फट! तरी त्यानं ती झाडली आणि कथा संपली. पुढे नैनितालच्या दरबारात तहसीलदारांना सरकारनं बंदूक बक्षीस दिली. कॉर्बेटची ती नामांकित .२७५ रिग्बी रायफलही याच कामगिरीबद्दल लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांनी भेट दिलेली.

हिशेब लक्षात आला ना? शेवटची बंदूक उसनी, पुढची भेट. खर्चाच्या बाजूला शून्य! कॉर्बेटला मी मोठा लेखक मानतो तो यासाठी, की ती फट त्यानं लपवली नाही. त्याच्यामागून आलेल्या पुष्कळांच्या पुस्तकांत बंदूक नेहमी नवी असते, फट असते ती कथेत.

कोणी म्हणेल, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हौसेची शिकार बंद झाली, आता किंमत विचारून करायचंय काय? पण आमच्या वर्धा जिल्ह्यात बंदुकीची चौकशी करणारा माणूस हौशी नसतोच. सेलू तालुक्यातले एक खातेदार काका पासबुक भरायला आले आणि माझ्या हातातलं शिकारीचं पुस्तक बघून थांबले.

"साहेब, यात डुकराचं काई हाय का?"

"वाघ आहेत, काका."

"वाघ कायले पायजे? डुकरायनं चना खाल्ला ना माहा. रातभर डब्बा वाजवतो. पयले पयत होते, आता आयकत बसते. रायफल घ्यावं म्हन्तो. सस्त्यातली कोनती?"

तो शुद्ध वाङ्मयीन प्रश्न होता आणि माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकाकडे त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर सापडलं ते १९५९ च्या शस्त्र कायद्यात. काय रुक्ष भाषा! पण बेताच्या ऐपतीचा विचार केलेला तेवढा एकच ग्रंथ. पीकरक्षणासाठी तो आधी ठासणीची बंदूक सुचवतो. तिनं भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे आपली बारा बोअर. यामागे शहाणपण आहे. रायफलीची गोळी किलोमीटरभराच्या पुढेही जाते. आमचं रान सपाट. डुक्कर चुकलं, तर गोळी कोणाच्या जागलीवर जाईल याचा नेम नाही. बारा बोअरचे छर्रे थोड्या अंतरावरच दम टाकतात. आणि बारा हा आकडा इंचांचा नव्हे बरं का. त्या नळीत बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक. आमच्या व्याजदरांपेक्षा हे गणित सोपं आहे.

जुनी विलायती रायफल स्वस्तात मिळते हाही एक भ्रम. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून तिचा भाव चढलेला, आणि तिची काडतुसं शोधणं ही स्वतंत्र शिकार. शिवाय बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर डुकराचा वनखात्याकडे. पिकाची नासाडी करणारी डुकरं आणि रोही मारायला २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं परवानगीची वाट काढली, पण अर्ज चुकला नाही. काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हन्जे बंदुकीपरीस झेरॉक्स महाग!"

म्हणूनच कोणी कोणी तिसरी वाट धरतात. ना परवाना, ना काडतूस. कुंपणाच्या तारेत वीज सोडायची. बाजारात याहून स्वस्त हत्यार नाही. २०१७ साली ब्रह्मपुरीकडून आणलेली एक वाघीण आमच्या बोरच्या जंगलात सोडली होती. तिनं माणसं मारली, तिला गोळी घालण्याचा हुकूम निघाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, बंदूकवाले मागावर निघाले. ऑक्टोबरात ती मेली ती शेताच्या विजेच्या तारेनं. अशा तारेला माणसंही चिकटतात. कधी शेजारी, कधी खुद्द मालक. स्वस्त हत्याराची किंमत अशी दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते. चंपावतच्या तोडीची ही कथा, पण तीत ना रायफल ना नायक, म्हणून ती शिकारकथांच्या कपाटात येत नाही.

सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून बंदुकीवर लिहिताना मान आपोआप खाली जाते. पण पिकं खाणाऱ्या माकडांचा विषय गांधीजींनीच १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये घेतला होता. अन्नाची टंचाई असताना पीक खाऊ द्यायचं आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे त्यांना पटत नव्हतं. उत्तर त्यांनाही सोपं वाटलं नाही. मात्र प्रश्न त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिला.

शिकारी वाङ्मयात कमी आहे ती या बांधाची. थरार भरपूर झाला. आता असं एक पुस्तक हवं, की ज्यात हरभऱ्याचा भाव असेल, रात्रीच्या जागलीची मजुरी असेल, काडतुसाची पावती असेल, आणि शेवटी शिल्लक किती तेही असेल. ते लिहू शकणारा माणूस आज रात्रीही मळ्यात डबा वाजवत बसला आहे. त्याच्यापर्यंत एक कोरी वही तेवढी पोचवली पाहिजे.