‘मदर’ संशोधनातील मातेचे स्थान

अफूजन्य द्रव्यांवर अवलंबून असलेल्या गर्भवती स्त्रियांच्या उपचारासंदर्भात ‘मदर’ हे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. डिसेंबर २०१० मध्ये ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. १७५ स्त्रियांच्या उपचारांत मेथाडोन व ब्यूप्रेनॉर्फिन या औषधांची तुलना त्यात केली आहे. जन्मानंतर बालकांत दिसणाऱ्या विरहलक्षणांवर ब्यूप्रेनॉर्फिन गटात सरासरी १.१ मिलिग्रॅम, तर मेथाडोन गटात १०.४ मिलिग्रॅम मॉर्फिन द्यावे लागले. रुग्णालयातील वास्तव्य अनुक्रमे १० व १७.५ दिवसांचे होते.

या निष्कर्षाचे मोल निर्विवाद आहे. तथापि नाव मातेचे असले, तरी संशोधनाचे पाचही प्रमुख निकष बालकाचे आहेत. माता दुय्यम निकषांत येते. वस्तुतः ब्यूप्रेनॉर्फिन गटातील ३३ टक्के, तर मेथाडोन गटातील १८ टक्के स्त्रियांनी उपचार मध्येच सोडले. बालकांची तुलना मात्र अखेरपर्यंत टिकलेल्या १३१ मातांपुरतीच आहे. उपचार सुटल्यास स्त्री पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका वाढतो आणि त्याची झळ बालकालाही पोहोचते. म्हणूनच औषधाची निवड करताना ‘बालकाला कोणते सोसेल?’ या प्रश्नाइतकाच ‘माता कोणत्या उपचारात टिकेल?’ हा प्रश्नही प्रथम विचारला गेला पाहिजे.